कॅपची शेड ठरवण्याआधी जाडी मोजा: सिरॅमिकच्या ट्रान्सलुसन्सीबद्दल नव्यांसाठी

डब्यात इम्प्रेशन, म्हणजे दातांचा साचा असतो, सोबत चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं असतं: ‘११ नंबर, ई-मॅक्स, ए२, शनिवारी पाहिजे.’ (११ म्हणजे वरचा उजवीकडचा मधला दात, ई-मॅक्स हे सिरॅमिक आणि ए२ ही रंगाची शेड.) पुण्यातल्या कुठल्याही डेंटल लॅबमध्ये दिवसभर बसलात तर अशा बऱ्याच चिठ्ठ्या हातात येतील. लग्नसराईत तर त्यावर लाल पेनानं दोनदा ‘अर्जंट’ही असतं. नवीन टेक्निशियन ए२चा ब्लॉक काढतो, मिलिंगला लावतो (मशीन त्यातून कॅप कोरतं), ग्लेझ करून पाठवतो. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन येतो की कॅप करडी दिसतेय, शेड चुकली. ब्लॉक मात्र खरोखरच ए२चा होता.

रंगाच्या ज्या तक्रारी लॅबमध्ये परत येतात, त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या मते शेडच्या नसतातच. त्या जाडीच्या असतात. सिरॅमिक किती जाड आहे आणि त्याच्या खाली काय आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय ‘ए२’ या दोन अक्षरांना फारसा अर्थ नाही. धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, वडगावचं सिंहगड किंवा आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, यांपैकी कुठूनही नुकतेच बाहेर पडलेले डॉक्टर असोत, की डेंटल मेकॅनिकचा कोर्स करून बेंचवर बसलेली मुलंमुली, दोघांनाही उपयोगी पडेल अशा क्रमानं खाली लिहिलं आहे. क्रम मोडू नका. मटेरियल निवडायची पायरी बरीच मागे आहे, ती मुद्दाम.

आधी उजेडाचं काय होतं ते समजून घ्या

सिरॅमिकवर पडलेल्या उजेडातला थोडा पृष्ठभागावरूनच परत फिरतो, थोडा आत शिरतो. आत शिरलेल्यातला काही आरपार जातो, काही शोषला जातो आणि बराचसा आतल्या बारीक कणांवर आपटून इकडेतिकडे पांगतो. हे पांगणं जितकं जास्त, तितकं मटेरियल ओपेक, म्हणजे अपारदर्शक; जितकं कमी, तितकं ट्रान्सलुसंट, म्हणजे अर्धपारदर्शक.

उजेड पांगतो कुठे? जिथे दोन वेगवेगळ्या अपवर्तनांकांचे पदार्थ एकमेकांना भिडतात तिथे. गरम भजी बांधून दिलेला कागद पाहा. कोरडा कागद पांढरा आणि ओपेक असतो, कारण त्याच्या धाग्यांमध्ये हवा असते आणि धागा व हवा यांच्यात फरक मोठा असतो. तेल मुरलं की हवेची जागा तेल घेतं, फरक कमी होतो आणि तेवढ्याच डागातून पलीकडची अक्षरं दिसायला लागतात. कागदाची जाडी बदललेली नसते, आतलं पांगणं कमी झालेलं असतं.

लिथियम डायसिलिकेटचं, म्हणजे आपण ज्याला सरसकट ई-मॅक्स म्हणतो त्याचं, असंच आहे. त्यात साधारण ७० टक्के स्फटिक आणि बाकी काच. दोघांचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, एकमेकांच्या जवळ, म्हणून ते चांगलं आरपार दिसतं. झिर्कोनियाचा अपवर्तनांक २.१ ते २.२ आणि त्यात काच जवळपास नाहीच. त्याचे टेट्रागोनल कण उजेडाला दिशेप्रमाणे वेगवेगळं वळवतात, त्यामुळे कणांच्या प्रत्येक सीमेवर उजेड पांगतो. झिर्कोनियात मिसळलेल्या यट्रियाचं (यट्रियम ऑक्साइडचं) प्रमाण ३ मोलवरून ५ मोल टक्क्यांवर नेलं की क्युबिक कण वाढतात. क्युबिक कण सगळ्या दिशांना सारखे असल्यानं पांगणं कमी होतं. ५वाय (५ मोल टक्के यट्रियाचं) झिर्कोनिया जास्त ट्रान्सलुसंट असतं ते यामुळे. त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते. ३वाय हजार मेगापास्कलच्या वर जातं, ५वाय त्याच्या साधारण निम्म्यावर येऊन थांबतं.

आता जाडी. इथे नवीन माणूस हमखास सरळ रेषेत विचार करतो: जाडी दुप्पट केली म्हणजे आरपारपणा निम्मा. तसं होत नाही. समजा एखाद्या मटेरियलचा ०.५ मिमीचा थर ७० टक्के उजेड पुढे जाऊ देतो. मग १ मिमीतून ४९ टक्के जाईल, १.५ मिमीतून ३४ आणि २ मिमीतून २४. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या ब्लॉकचे नाहीत.) पहिल्या अर्ध्या मिलीमीटरनं ३० टक्के खाल्ले, चौथ्यानं फक्त १०. मतलब असा की पातळ कामात ०.२ मिमीचा फरक डोळ्यांना लगेच दिसतो, जाड कामात तोच फरक खपून जातो. व्हिनिअर (दाताच्या समोरच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) ०.३ ऐवजी ०.५चं झालं तर सगळं चित्र पालटतं. दाढेवर १.८ ऐवजी २.० झालं तर कोणी विचारत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जाडीचा हा परिणाम काच-सिरॅमिकवर जास्त ठळक दिसतो, झिर्कोनियावर तुलनेनं कमी.

मोजमापाची दोन नावं कानावर पडतील. एक टीपी (ट्रान्सलुसन्सी पॅरामीटर), म्हणजे तोच तुकडा काळ्या आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवल्यावर रंगात पडणारा फरक. फरक जास्त तर ट्रान्सलुसन्सी जास्त. दुसरं कॉन्ट्रास्ट रेशो, ज्यात ० म्हणजे पूर्ण पारदर्शक आणि १ म्हणजे पूर्ण ओपेक. १ मिमी जाडीच्या खऱ्या इनॅमलचा टीपी १८ च्या आसपास आणि डेंटिनचा १६ च्या आसपास येतो. कुठलाही माहितीपत्रकातला टीपी वाचताना पहिला प्रश्न एकच विचारा: कुठल्या जाडीला? जाडी लिहिलेली नसेल तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

जाडीची शिडी स्वतः करा

हे वाचून डोक्यात शिरत नाही, हातानं करावं लागतं. एखादी निवांत दुपार काढा आणि उरलेल्या ब्लॉकपासून चार चकत्या करा: ०.५, १.०, १.५ आणि २.० मिमी. दोन सेट करा, एक एलटीचा (लो ट्रान्सलुसन्सी, कमी आरपार) आणि एक एचटीचा (हाय ट्रान्सलुसन्सी, जास्त आरपार), दोन्ही ए२. झिर्कोनियाचा तिसरा सेट झाला तर उत्तमच.

लिथियम डायसिलिकेटचा ब्लॉक जांभळ्या अवस्थेत, म्हणजे भट्टीत घालण्याआधी असतानाच डिस्कनं काप घ्या. चकती जराशी जाड ठेवा आणि काचेवर वॉटर पेपर ठेवून पाण्याखाली घासत आकड्यावर आणा. वॉटर पेपर बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यासाठी डेंटल डीलरला पैसे मोजायची गरज नाही. घासताना दर थोड्या वेळानं आयवान्सन गेज (जाडी मोजायचं साधन) लावा, आणि एकाच जागी नाही, मध्यभागी आणि चारही कडांना. चकती एका बाजूला ०.५ आणि दुसऱ्या बाजूला ०.७ असेल तर शिडीचा उपयोगच उरत नाही. भट्टीत घातल्यावर हे मटेरियल जेमतेम ०.२ टक्के आकसतं, त्यामुळे घासलेला आकडा तसाच राहतो असं धरून चाला.

झिर्कोनियाचं गणित वेगळं. सिंटरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत भाजताना, ते २० टक्क्यांच्या आसपास आकसतं. डिस्कवर छापलेला फॅक्टर बघा. तो १.२५ असेल तर ०.५ मिमीसाठी ०.६३ ला थांबायचं, १ साठी १.२५, दीडसाठी १.८८ आणि २ साठी २.५. कच्चं झिर्कोनिया कोरडंच घासायचं, पाणी लावायचं नाही, आणि मास्क व सक्शनशिवाय तर अजिबात नाही. ती पूड फार बारीक असते.

सगळ्या चकत्यांचं पॉलिश एकसारखं करा. खडबडीत पृष्ठभाग उजेड पांगवतो आणि पातळ चकतीसुद्धा उगाच ओपेक वाटायला लागते.

आता एका कार्डावर निम्मा भाग काळा आणि निम्मा पांढरा करा. चकती दोघांच्या सीमेवर ठेवा. ठेवण्याआधी खाली ग्लिसरिनचा एक थेंब टाका. थेंब नसेल तर चकती आणि कार्ड यांच्यामध्ये हवा राहते आणि तुम्ही बघता ते तोंडातलं चित्र नसतं, कारण तोंडात मध्ये सिमेंट असतं. ०.५च्या एचटी चकतीखालची काळी-पांढरी सीमा कडक, सरळ रेषेसारखी दिसेल. १ मिमीला ती मऊ होते. दीडला काळ्या बाजूवर नुसती करडी सावली उरते. आता एलटीची १ मिमीची चकती एचटीच्या दीड मिमीशेजारी ठेवा. दोन्ही बऱ्याच सारख्या दिसतील. म्हणजेच एक दर्जा बदलणं हे जाडी बदलण्यासारखंच आहे, आणि जाडीला जागा नसेल तर दर्जा बदलून काम निभावता येतं. ही तुलना मला लेक्चरच्या पन्नास स्लाइडपेक्षा मोलाची वाटते.

फोटो काढणार असाल तर मोबाइलचं एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर काळी बाजू दिसली की मोबाइल आपणहून फोटो उजळवतो आणि तुलनेची वाट लागते.

चकत्या डब्यात नीट ठेवून द्या, मागे जाडी लिहून. डॉक्टर लॅबमध्ये आले की हीच शिडी त्यांच्यापुढे ठेवायची.

खाली काय आहे ते विचारा

कॅप किंवा व्हिनिअरच्या खालचा कापलेला दात म्हणजे स्टंप. तो ताज्या, पिवळसर डेंटिनचा असेल तर काम सोपं. रूट कॅनाल केलेला आणि काळवंडलेला असेल, वर निकेल-क्रोमचा कास्ट पोस्ट (मुळात बसवलेला धातूचा खुंट) असेल, जुनी चांदी भरलेली असेल किंवा इम्प्लांटचं टायटॅनियम अबटमेंट (ज्यावर कॅप बसते तो खुंट) असेल, तर खालून अंधार वर येणार. सिरॅमिक जितकं पातळ आणि ट्रान्सलुसंट तितका तो जास्त येणार.

म्हणून डॉक्टरांकडून स्टंपची शेड मागवा. त्यासाठी वेगळी शेडगाइड येते, एनडी१ ते एनडी९ अशा टॅबची, आणि त्याच रंगांचं डाय (कापलेल्या दाताची प्रतिकृती) बनवायचं मटेरियलही मिळतं. स्टंप ओला असताना टॅब शेजारी धरून फोटो घ्यायचा. आलेल्या शेडप्रमाणे डाय बनवा आणि तुमचं काम त्यावर बसवून पाहा. पिवळ्या प्लास्टरच्या डायवर सुंदर दिसलेली कॅप काळ्या स्टंपवर कशी दिसेल याचा काही अंदाज लागत नाही.

शेजारच्या दातांची शेड मात्र दात कापायच्या आधी घ्यायची. रबर डॅम लावला किंवा तोंड बराच वेळ उघडं राहिलं की इनॅमलमधलं पाणी उडतं, त्या जागी हवा येते आणि दात जास्त पांढरा व ओपेक दिसायला लागतो. वर सांगितलेल्या कागदाची गोष्ट, फक्त उलटी. अपॉइंटमेंटच्या शेवटी घेतलेली शेड एक-दोन पायऱ्या उजळ येते आणि दुसऱ्या दिवशी कॅप एकटीच पांढरीफटक चमकते.

उजेडाबद्दल दोन वाक्यं. उत्तरेकडची खिडकी असेल तर सोन्याहून पिवळं. पुण्यातलं जुलै-ऑगस्टमधलं ढगाळ आभाळ लोकांना कंटाळवाणं वाटतं, पण दुपारी त्याचा पसरलेला मऊ उजेड शेड घ्यायला झकास असतो. एप्रिलच्या कडक उन्हात किंवा पिवळ्या बल्बखाली शेड घेऊ नका. पेशंटनं भडक ओढणी घेतली असेल तर त्यावर करडा एप्रन टाका आणि लिपस्टिक पुसायला सांगा.

जागा किती आहे ते मोजा

सगळ्यात जास्त टंगळमंगळ याच पायरीला होते. डॉक्टर म्हणतात दीड मिलीमीटर कापलंय, मॉडेलवर एक मिळतो आणि कडेला ०.६. दोघंही खरंच बोलत असतात, फक्त मोजण्याची जागा वेगळी असते.

क्लिनिकमध्ये सगळ्यात विश्वासू साधन म्हणजे पुट्टीचा इंडेक्स. वॅक्स-अप किंवा मॉक-अपवर (अंतिम आकाराच्या मेणाच्या किंवा तात्पुरत्या नमुन्यावर) पुट्टी दाबून घ्यायची, सुकल्यावर मधोमध उभी कापायची आणि कापलेल्या दातावर ठेवून मधली फट बघायची. दात कापण्याआधी मॉक-अपवरूनच डेप्थ बर फिरवला तर आणखी बरं, कारण मग अंतिम आकारापासून मोजून कापलं जातं. कित्येकदा दात मुळातच आत वळलेला असतो आणि तिथे फारसं कापायची गरजच नसते.

लॅबमध्ये स्कॅन झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये कॅपचा उभा छेद काढा. पुढच्या बाजूला तीन ठिकाणी आकडा घ्या: मानेजवळ (हिरडीपाशी), मधोमध आणि इन्सायझल टोकापाशी (चावायच्या कडेला). हे तिन्ही कधीच सारखे नसतात. मानेजवळ ०.६, मध्ये १.०, टोकाला दीड-दोन, हे नेहमीचं चित्र. एकच ए२ ब्लॉक, पण तीन जाड्यांना तीन वेगळे चेहरे दाखवणार. मानेजवळ खालचा स्टंप जास्त डोकावणार आणि टोकाला मागचा काळोख.

नुसत्या ‘मिनिमम थिकनेस’च्या सूचनेवर विसंबू नका. सॉफ्टवेअर लाल रंग दाखवतं ते कॅप तुटेल म्हणून. काळा स्टंप दिसेल का, हे त्याला ठाऊक नसतं. ताकदीसाठी पुरेशी जाडी रंगासाठी अपुरी असणं ही रोजची गोष्ट आहे. ३वाय झिर्कोनिया ०.५-०.६ मिमीतही टिकाव धरतं, लिथियम डायसिलिकेटच्या कॅपला साधारण १ ते १.५ मिमी लागतं, व्हिनिअर ०.३ पासून सुरू होतं. नेमका आकडा तुम्ही वापरता त्या ब्लॉकच्या सूचनापत्रकातला घ्यायचा, कारण एकाच कंपनीच्या प्रेस आणि मिलिंगच्या मटेरियललाही तो वेगळा असू शकतो.

आता मटेरियल

जाडी कळली, स्टंप कळला. आता निवड बरीचशी आपोआप होते.

स्टंप चांगला आणि जागा ०.३ ते ०.७ असेल तर व्हिनिअरला एचटी किंवा फेल्डस्पार पोर्सलिन. पातळ थरातून खालच्या दाताचाच रंग वर येऊ द्यायचा, त्यातच त्याचं सौंदर्य आहे. पेशंट ए३ वरून थेट बीएल१ (ब्लीच केल्यासारखी पांढरी शेड) मागत असेल, आणि हिंजवडीहून येणारे निम्मे पेशंट आजकाल तेच मागतात, तर इतक्या पातळ एचटीला ते झेपत नाही. आधी ब्लीचिंग करायचं, नाहीतर एमटी (मध्यम ट्रान्सलुसन्सी) किंवा एलटीकडे वळून जागा वाढवायची.

स्टंप चांगला आणि जागा १ ते १.५ मिमी असेल तर पुढच्या दाताच्या कॅपला एलटी किंवा एमटी. नवीन माणसाचा हात इथे नेमका एचटीकडे जातो, कारण ‘हाय ट्रान्सलुसन्सी’ म्हणजे जास्त नैसर्गिक असं त्याला वाटतं. पुढच्या भागात त्यावर सविस्तर लिहिलंय.

स्टंप मध्यम काळवंडलेला असेल तर दीड मिमीच्या आसपासचं एलटी बरंचसं सावरून घेतं. धातूचा पोस्ट असेल तर नुसत्या एलटीच्या भरवशावर राहू नका. एमओ किंवा एचओचं (मध्यम किंवा जास्त ओपेक दर्जाचं) कोपिंग, म्हणजे आतली टोपी, करायचं आणि त्यावर पोर्सलिनचं लेअरिंग, नाहीतर ओपेक ३वाय झिर्कोनियाचं कोपिंग आणि वर पोर्सलिन. दोन्हीला मिळून दीड मिमीच्या खाली गोडीगुलाबीनं बसत नाही. जागाच नसेल तर तिसरा उपाय डॉक्टरांच्या हातात असतो. पोस्टवर ओपेकर कंपोझिटचा पातळ थर द्यायचा, किंवा शक्य असेल तर धातूचा पोस्ट काढून फायबरचा बसवायचा. हा फोन मिलिंगच्या आधी करायचा असतो. बोलायचं साधं:

‘मॅडम, ११ला समोरून ०.७ मिळतंय आणि खाली मेटल पोस्ट आहे. ई-मॅक्समध्ये काळं दिसेल. पोस्टला ओपेकर लावाल का, की आम्ही झिर्कोनिया कोपिंगवर जाऊ?’

‘आणखी कापायला वाव नाही हो. ओपेकर लावते, उद्या परत स्कॅन पाठवते.’

दोन वाक्यांत एक रीमेक वाचतो. डॉक्टरांना असा फोन आवडत नाही असा नव्यांचा समज असतो. कॅप बसवायच्या दिवशी येणारा फोन त्यांना त्याहून कमी आवडतो.

मल्टिलेयर झिर्कोनियाची डिस्क वापरत असाल तर आणखी एक खुबी आहे. तिचा वरचा थर जास्त ट्रान्सलुसंट असतो, खालचा जास्त रंगीत, आणि काही डिस्कमध्ये यट्रियाचं प्रमाणही थराथरानं बदलतं. नेस्टिंग करताना (कॅप डिस्कमध्ये कुठे कोरायची ते ठरवताना) ती वर-खाली सरकवली की रंगही बदलतो आणि आरपारपणाही. जागा वाचवायला कॅप कुठेही कोंबू नका.

‘जाड केलं की उजळ होतं’ हा गैरसमज

यावर थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे.

एलटी किंवा ओपेक मटेरियल जाड केलं की आतून जास्त उजेड पांगून परत डोळ्यांकडे येतो, त्यामुळे खालचा काळेपणा झाकला जातो. इथवर समज बरोबर आहे. एचटीचं तसं नाही. एचटीतून पुढे गेलेला उजेड परत यायला मागे काहीतरी उजळ लागतं. कॅपच्या मधल्या भागात मागे स्टंप असतो, तो थोडा उजेड परत पाठवतो. इन्सायझल टोकाच्या मागे काहीच नसतं. तिथे असतो तोंडातला अंधार. दोन मिलिमीटर एचटीत शिरलेला उजेड तिथून परत येत नाही आणि टोक करडं, निळसर, मेल्यासारखं दिसतं. आपल्या भाषेत व्हॅल्यू, म्हणजे उजळपणा, पडते. अशा वेळी जाडी वाढवली तर करडेपणा आणखी वाढतो, उजळपणा नाही.

डोळा रंगाच्या छटेपेक्षा उजळपणातला फरक आधी पकडतो. ए२ ऐवजी ए१चा एचटी ब्लॉक घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण चुकलेली गोष्ट छटा नसून व्हॅल्यू आहे. त्याच शेडचा एलटी घ्या, टोकाशी कटबॅक करून (थोडं सिरॅमिक काढून) ट्रान्सलुसंट पोर्सलिनचा पातळ थर द्या. शरीर एलटीचं, टोकावरचा पदर एचटीसारखा. खऱ्या दातातही असंच असतं, आत डेंटिन आणि वर इनॅमल.

जाडीबरोबर रंगाची तीव्रताही वाढते, हे लक्षात असू द्या. ए३ची चकती १ मिमीला जेवढी पिवळी वाटते त्यापेक्षा २ मिमीला जास्त वाटते. शेडगाइडचा टॅब तर कितीतरी जाड असतो, तुमच्या ०.७च्या व्हिनिअरपेक्षा कितीतरी पट. टॅबशी जुळणाऱ्या ब्लॉकचं पातळ काम टॅबसारखं दिसत नाही ते यामुळे.

घासताना जाडी जाते

डिझाइनमध्ये १.० होतं म्हणून हातातल्या कॅपमध्ये १.० असेलच असं नाही. कॉन्टॅक्ट अ‍ॅडजस्ट केला, टेक्स्चर दिलं, मार्जिन बारीक केलं, पॉलिश केलं, प्रत्येक वेळी थोडं गेलं. ग्लेझच्या आधी आयवान्सन गेज पुन्हा लावा आणि तेच तीन आकडे परत घ्या. पातळ व्हिनिअरमध्ये ०.१ मिमीही मोठी गोष्ट आहे.

फायरिंगचा कार्यक्रम बदलू नका. सिंटरिंगचं तापमान किंवा वेळ मनानं कमीजास्त केला तर झिर्कोनियाचे कण आणि आतली छिद्रं बदलतात आणि आरपारपणाही. घाईच्या दिवशी स्पीड प्रोग्राम वापरायचा तर त्या डिस्कला तो चालतो का, एवढं बघा.

बसवण्याच्या दिवशी

ट्राय-इन पेस्टशिवाय (सिमेंटच्या जागी तात्पुरती लावून बघायच्या पेस्टशिवाय) पातळ काम बसवू नये. कोरडी कॅप दातावर ठेवली की मध्ये हवा राहते आणि ती असते त्यापेक्षा ओपेक आणि पांढरी दिसते. पेशंट आरशात बघून खूश होतो, सिमेंट लावल्यावर नाराज. ०.५ मिमीच्या व्हिनिअरमध्ये सिमेंटची शेड निकाल थोडाफार फिरवू शकते, दीड मिमीच्या कॅपमध्ये फारसं काही करू शकत नाही. काळ्या स्टंपवर ओपेक सिमेंट लावून सगळं निस्तरेल अशी अपेक्षा ठेवू नका. सिमेंटचा थर मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो.

जाडीचा संबंध क्युरिंगशी, म्हणजे उजेडानं सिमेंट घट्ट करण्याशीही आहे. ज्या सिरॅमिकमधून डोळ्यांना आरपार दिसत नाही, ते क्युरिंग लाइटलाही खाली पोचू देत नाही. पातळ, ट्रान्सलुसंट व्हिनिअरला लाइट-क्युअर सिमेंट घ्यावं. ड्युअल-क्युअरमधल्या (उजेडानं आणि रासायनिक क्रियेनंही घट्ट होणाऱ्या सिमेंटमधल्या) अमाइनमुळे काही काळानं पिवळेपणा येऊ शकतो आणि पातळ सिरॅमिकमधून तो दिसतो. दीड-दोन मिमीच्या वर, किंवा ओपेक मटेरियल आणि झिर्कोनियाखाली, ड्युअल-क्युअरच बरं, आणि प्रत्येक बाजूनं जास्त वेळ लाइट धरायचा.

लिथियम डायसिलिकेटला आतून हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडनं एचिंग करून (पृष्ठभाग खडबडीत करून) सायलेन हा चिकटायला मदत करणारा द्रव लावतात. ५ टक्क्यांच्या अ‍ॅसिडला २० सेकंद पुरतात. झिर्कोनियावर ते अ‍ॅसिड काम करत नाही, त्याला अ‍ॅल्युमिनानं हलकं ब्लास्ट करून एमडीपीचा प्रायमर लागतो.

चिठ्ठीवर काय हवं

डॉक्टर असाल तर लिहा: शेजारच्या दाताची शेड, स्टंपची शेड, पोस्ट कशाचा आहे, समोरून किती कापलंय आणि कुठलं सिमेंट वापरणार. सोबत ओल्या स्टंपचा एक फोटो. लॅबमध्ये असाल तर कॅपच्या डब्यावर तीन ठिकाणची जाडी आणि ब्लॉकचा दर्जा लिहून पाठवा: ‘११, एलटी ए२, ०.७ / १.० / १.६’. वर्षभरानं शेजारचा दात करायची वेळ आली की ही ओळ सोन्याच्या मोलाची ठरते, कारण आधीची कॅप काय होती हे कुणाच्याच डोक्यात राहिलेलं नसतं.

कॅप बसल्या बसल्या आलेला ‘शेजारचे दात जास्त पांढरे दिसतायत’ हा निरोप मनावर घेऊ नका. तेव्हा बाकीचे दात कोरडे पडलेले असतात. दोन-तीन दिवसांनी, पेशंट परत आल्यावर, त्याच खिडकीपाशी ओठ ओले करून एक फोटो मागवा आणि मग काय ते ठरवा.